आकडेवारीची पत कशी ओळखावी?

न्हावा शेवा परिसरात राहणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीने मध्यंतरी आम्हाला एक प्रश्न विचारला. ती एम.एस्सी. झाली आहे. घराजवळच्या खाडीच्या पाण्याचे तापमान आणि खारेपणा तिने सलग दोन वर्षे, आठवड्यातून दोनदा, मोजला आणि वहीत लिहून ठेवला. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर तिला त्याची ओढ होती म्हणून. मग एका नियतकालिकाचे पत्र आले. तुमची आकडेवारी आमच्याकडे पाठवा, सात दिवसांत छापू, आमचा इम्पॅक्ट फॅक्टर उत्तम आहे, शुल्क अमुक रुपये. रक्कम तिच्या घरच्या महिन्याच्या किराण्यापेक्षा जास्त होती. तिने विचारले, "सर, हे जर्नल चांगलं आहे का?"

प्रश्न साधा वाटला, पण उत्तर देता येईना. आम्ही तिघे-चौघे शिक्षक शनिवारी एकत्र बसतो, तिथे हा प्रश्न मांडला. पहिल्या अर्ध्या तासात लक्षात आले की नियतकालिक 'चांगले' म्हणजे काय, हेच आम्ही कधी नीट ठरवलेले नव्हते. कोणी म्हणाले, परदेशी असेल तर चांगले. कोणी म्हणाले, यादीत असेल तर चांगले. कोणी म्हणाले, पैसे मागतात म्हणजे वाईटच. यातले एकही उत्तर टिकले नाही. ते का टिकले नाही आणि त्याऐवजी काय पाहावे, ते या लेखात मांडतो.

नोंदींचे नियतकालिक म्हणजे काय?

नेहमीच्या शोधनिबंधात कोणीतरी काही दावा करतो: अमुक कारणामुळे तमुक घडते. डेटा जर्नलमध्ये दावा नसतो. तिथे मोजलेले आकडे असतात, किंवा ते कुठे ठेवले आहेत याचा पत्ता असतो. त्यासोबत ते कोणी, कुठे, कधी, कोणत्या उपकरणाने आणि कसे मोजले याचे सविस्तर वर्णन असते. निष्कर्ष काढायचे काम वाचकाचे. 'अर्थ सिस्टिम सायन्स डेटा', २०१४ साली सुरू झालेले 'सायंटिफिक डेटा' ही अशा नियतकालिकांची परिचित नावे.

नाव नवे असले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. पंचांग ही आकडेवारीच आहे. बंदरावर वापरतात ते भरती-ओहोटीचे कोष्टकही आकडेवारीच. आणि आपल्याकडचे लोक या आकडेवारीची पारख करीतच आले आहेत. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ मराठीत सिद्ध केला. त्यांचा आणि त्यांच्या मताच्या मंडळींचा आग्रह एकच होता: पंचांगात लिहिलेले ग्रहण त्या वेळी आकाशात दिसले पाहिजे. दिसत नसेल तर पंचांग कितीही जुने आणि कितीही मान्यवरांचे असो, ते दुरुस्त केले पाहिजे.

कोकणातला भरतीचा जुना ठोकताळा घ्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. होडी काढायला हे गणित पुरते. पण पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते, आणि तीच पौर्णिमा पुढच्या पक्षाचे शून्य धरली तर बारा. पाऊण तासाची फट राहते. ठोकताळा खोटा नाही. तो किती चुकतो हे त्यात सांगितलेले नाही, इतकेच. मुलांना हे गणित फळ्यावर करायला द्या. 'आकडा बरोबर आहे का' आणि 'आकडा किती चुकू शकतो हे सांगितले आहे का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे तिथेच कळते.

एक नमुना: कुलाबा-अलिबागचे खंड

चांगले काय ते ठरवायला एखादा नमुना हवा. तो आम्हाला घराजवळच सापडला. भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेलला आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या देशभरातल्या नोंदी ती ठेवते. तिच्या वेधशाळांच्या नोंदी 'इंडियन मॅग्नेटिक डेटा' या नावाच्या खंडांतून प्रसिद्ध होत आल्या आहेत. या नोंदींचे मूळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत आहे. वेधशाळा १८२६ सालची. चुंबकीय निरीक्षणे १८४१ साली सुरू झाली आणि १८४६ पासून नियमित झाली. त्या सुरुवातीच्या काळात बाळशास्त्री जांभेकरांचा या वेधशाळेशी संबंध होता आणि तरुण केरो लक्ष्मण छत्रे तिथे नोकरीला होते. सृष्टिनिरीक्षणाची सवय त्यांना तिथे लागली असणार, असे मानायला हरकत नाही.

१९१० साली वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या चुंबकीय नोंदी आणि त्यांची चर्चा असे दोन भाग प्रसिद्ध केले. हे आजच्या अर्थाने डेटा जर्नल नव्हे. पण डेटा जर्नलने जे करायला हवे ते त्यात कसे केले आहे, हे पाहण्यासारखे आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरले. त्या प्रत्यक्षात १९०७ साली धावल्या. रुळांतून जाणाऱ्या विजेमुळे जवळपास चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, म्हणजे कुलाब्याच्या नाजूक चुंबकसूच्या ट्रामच्या तालावर हलू लागल्या असत्या. म्हणून वेधशाळा अलिबागला नेली. तिथली इमारत चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडाची बांधली.

पण जागा बदलली की आकडे बदलतात. अलिबाग कुलाब्यापासून सुमारे तीस किलोमीटर. तिथल्या खडकांचे चुंबकत्व वेगळे, त्यामुळे तिथे येणारा आकडाही थोडा वेगळा. जुनी वेधशाळा आज बंद केली आणि नवी उद्या सुरू केली, तर मधल्या रात्रीत पृथ्वीचे क्षेत्र बदलले की फक्त जागा बदलली, हे पुढच्या माणसाला कळणार कसे? यासाठी १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेतली. दोन ठिकाणांमधला फरक काढला आणि लिहून ठेवला. त्यामुळे आज १८४६ पासूनची साखळी अखंड मानून वापरता येते. त्या दोन वर्षांच्या दुहेरी कामातून नवा शोध कोणताच लागला नाही. आकड्यांची पत मात्र त्या कामाने राखली.

१८५९ ची परीक्षा

या नोंदींची खरी परीक्षा फार उशिरा झाली. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन याने सूर्यावर एक झगझगीत भडका पाहिला. सुमारे सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. युरोप-अमेरिकेतली तारयंत्रे बिघडली. अनेक वेधशाळांच्या यंत्रांचे काटे मापपट्टीबाहेर गेले, म्हणजे वादळ किती मोठे होते ते मोजताच आले नाही.

कुलाब्यात मात्र त्या दिवशी, २ सप्टेंबरला, माणसे डोळ्यांनी वाचून नोंदी घेत होती. छायाचित्रण पद्धतीची आपोआप नोंद घेणारी यंत्रे तिथे अजून यायची होती. नेहमीचे वाचन तासातासाने असे. वादळ चढले तसे त्यांनी जवळजवळच्या वेळांना वाचन केले. नोंद सांगते की क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरला. हा घटक आपल्या भागात साधारण ३८ हजार नॅनोटेस्ला असतो. म्हणजे घसरण सुमारे चार टक्क्यांची. आकडा लहान वाटेल. पण १३ मार्च १९८९ च्या वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या सुमारे साठ लाख लोकांची वीज नऊ तास गेली होती, आणि त्या वादळाची जगभराची सरासरी घसरण सहाशे नॅनोटेस्लांच्या आतच होती.

२००३ साली त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना आणि अलेक्स यांनी कुलाब्याच्या या जुन्या नोंदींवरून १८५९ च्या वादळाची तीव्रता काढली. यांतले लखिना आणि अलेक्स भूचुंबकत्व संस्थेचेच. त्यांनी दिलेला अंदाज १७६० नॅनोटेस्ला होता. पुढे इतरांनी त्याला हरकत घेतली. अशा वादळांची तुलना तासाच्या सरासरीवर करतात. तशी सरासरी घेतली तर आकडा जवळपास निम्म्यावर येतो. शिवाय ती घसरण पृथ्वीभोवती कड्यासारख्या वाहणाऱ्या विद्युतप्रवाहामुळे झाली की आणखी कोणत्या प्रवाहामुळे, यावरही मतभेद झाले. २०२२ सालीही जुने खंड पुन्हा उघडून तीनही घटकांची नव्याने तपासणी झाली.

आमच्या मते या नोंदींचा सर्वांत मोठा गुण इथे दिसतो. त्यांनी वाद संपवला नाही, वाद शक्य केला. मूळ वाचने वेळेसह नोंदलेली होती, म्हणून एका अभ्यासकाचा निष्कर्ष दुसऱ्याला तपासता आला. फक्त 'वादळ फार मोठे होते' एवढे लिहून ठेवले असते, किंवा फक्त दिवसाची सरासरी छापली असती, तर कोणालाच काही म्हणता आले नसते.

या नमुन्यातल्या उणिवा

जुने ते सोने असे आम्हाला म्हणायचे नाही. डोळ्यांनी घेतलेल्या दोन वाचनांच्या मधे काय झाले ते या नोंदींतून कळत नाही. घसरणीचा तळ कदाचित दोन वाचनांच्या मधेच असेल. छापलेली कोष्टके संगणकाला वाचता येत नाहीत. प्रत्येक आकडा पुन्हा हाताने उतरवावा लागतो आणि उतरवताना नव्या चुका होतात. जाड खंड मोजक्या ग्रंथालयांत असतात, गावातल्या शिक्षकाच्या हाती ते पडत नाहीत. आणि रात्री दिव्याच्या उजेडात मापपट्टी वाचणाऱ्या साहाय्यकांची नावे आज कोणाच्या ओठांवर नाहीत. चांगले आधुनिक डेटा जर्नल या बाबतीत पुष्कळ पुढे आहे. तिथे आकडे संगणकाला वाचता येतात, कोणालाही मोफत उतरवून घेता येतात, मोजणाऱ्यांची नावे असतात. आकडेवारी सापडावी, मिळावी, इतर आकडेवारीशी जुळवता यावी आणि पुन्हा वापरता यावी, अशी चार तत्त्वे २०१६ साली 'सायंटिफिक डेटा'मध्येच मांडली गेली आणि आता ती जगभर मानली जातात.

प्रतिष्ठेच्या खुणा आणि त्यांची मर्यादा

आता त्या मुलीच्या पत्रातल्या 'उत्तम इम्पॅक्ट फॅक्टर'कडे वळू. हे गणित आठवीच्या मुलालाही जमेल. समजा, एका नियतकालिकाने २०२३ आणि २०२४ मिळून २०० लेख छापले. २०२५ मध्ये त्या लेखांचा इतरांनी ६०० वेळा उल्लेख केला. ६०० भागिले २००, म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर ३. आता असे समजा की त्या ६०० पैकी ४०० उल्लेख एकाच लेखाचे आहेत. मग उरलेल्या १९९ लेखांच्या वाट्याला सरासरी एकच उल्लेख येतो. सरासरी तीन आहे हे खरे, पण 'इथला लेख साधारण तीनदा वापरला जातो' हे खोटे.

डेटा जर्नलमध्ये हे हमखास होते. 'अर्थ सिस्टिम सायन्स डेटा'मध्ये जगाच्या कार्बनचा वार्षिक हिशेब प्रसिद्ध होतो. हवामानावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याचा उल्लेख करतो. त्या नियतकालिकाची पत खरी आहे, पण शेजारच्या पानावरच्या लेखाची पारख वेगळीच करावी लागते.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. हे माप मागच्या दोन वर्षांपुरते पाहते. कुलाब्याची १८५९ ची नोंद २००३ साली कामी आली, म्हणजे १४४ वर्षांनी. दोन वर्षांच्या खिडकीतून पाहिले असते तर तिचा गुण शून्य. नोंदी साठवण्याचे काम ज्यांच्यासाठी करायचे ते बहुतेक वेळा अजून जन्मलेले नसतात. अशा कामाला दोन वर्षांची फूटपट्टी लावणे म्हणजे आंब्याचे कलम लावून पुढच्या महिन्यात आंबे मोजण्यासारखे आहे. हे माप ग्रंथालयांसाठी तयार झाले होते; लेखाची किंवा माणसाची किंमत ठरवण्यासाठी नव्हे.

यादीचे काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीचा इतिहास शिक्षकांनी जरूर लक्षात ठेवावा. २०१८ साली भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये या यादीची तपासणी प्रसिद्ध केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि मोठ्या सूचींमध्ये नसलेल्या १००९ नियतकालिकांचा त्यांनी अभ्यास केला. सुमारे ३४.५ टक्के नियतकालिकांत पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे यांसारखी मूलभूत माहितीच चुकीची होती किंवा नव्हतीच. आणखी ५२.३ टक्क्यांनी खोटी माहिती दिली होती: चुकीचा आयएसएसएन क्रमांक, इम्पॅक्ट फॅक्टरचे खोटे दावे. एकूण ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट असावीत असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी आयोगाने ४३०५ नियतकालिके यादीतून काढली, पुढे 'केअर' नावाची नवी यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली. आता पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर आणि शिक्षकांवर आली आहे. यादी गेली याची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. पण यादी होती तेव्हाही पारख टळली नव्हती.

आयएसएसएन क्रमांकाबद्दलही गैरसमज आहे. तो नियतकालिकाची ओळख पटवणारा क्रमांक आहे, गुणवत्तेचा शिक्का नव्हे. गाडीला नंबरपाटी असली म्हणजे चालकाला गाडी येते असे नाही. शुल्काचे तसेच. अनेक चांगली नियतकालिके मोठे शुल्क घेतात आणि काही लेखकांना सूटही देतात. शुल्क मागितले म्हणून फसवणूक ठरत नाही. लेख तपासण्याआधीच छापण्याची तारीख सांगितली, तर मात्र सावध व्हावे. सात दिवसांत परीक्षकाने फाइल उघडावी, आकडे पाहावेत, प्रश्न विचारावेत, उत्तरे यावीत आणि लेख छापला जावा, हे होणे नाही.

मग मोठे नाव पुरेसे आहे का? मे २०२० मध्ये 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात करोनाच्या सुमारे ९६ हजार रुग्णांच्या आकडेवारीवर आधारलेला लेख आला. आकडे सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीचे होते. इतर संशोधकांनी मूळ नोंदी पाहायला मागितल्या, त्या मिळाल्या नाहीत. जून २०२० च्या पहिल्या आठवड्यात लेख मागे घेतला गेला. त्याच कंपनीच्या आकड्यांवरचा 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधला लेखही मागे घेतला गेला. नावे जगातली सर्वांत मोठी, पण मूळ वही कोणी पाहिलेली नव्हती. या प्रकरणात एक समाधान आहे. चूक पंधरा दिवसांत उघडकीस आली ती वाचकांनी वही मागितली म्हणून. आणि एक काळजीही आहे. डेटा जर्नलचे परीक्षकसुद्धा पुष्कळदा वर्णन वाचतात आणि हजारो ओळींची फाइल वरवर चाळतात. म्हणून ज्या नियतकालिकात परीक्षकांचे प्रश्न आणि लेखकांची उत्तरे सर्वांना वाचायला खुली असतात, तिथे आम्ही एक गुण जास्त देऊ. 'अर्थ सिस्टिम सायन्स डेटा'मध्ये ती पद्धत आहे.

आमच्या खाडीशी याचा काय संबंध?

हा सगळा प्रपंच विद्यापीठातल्या लोकांचा आहे, आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. न्हावा शेव्याला राहणाऱ्याने तरी तसे म्हणू नये. इथले बंदर १९८९ साली सुरू झाले. मोठी जहाजे भरतीचा हिशेब पाहून आत येतात. मागे उरण-पनवेलच्या खारबंदिस्तीत बांधाची उंची किती ठेवायची, हा प्रश्न शेतकऱ्याला उधाणाच्या प्रत्येक भरतीला पडतो. समोर मुंबईला अपोलो बंदरावर १८७८ पासूनच्या समुद्रपातळीच्या नोंदी आहेत; हिंदी महासागरातल्या सर्वांत लांब नोंदींमध्ये त्यांची गणना होते. त्या नोंदींतून दिसणारी दीर्घकालीन वाढ वर्षाला सुमारे एक मिलिमीटरच्या घरात आहे.

आता विचार करा. दुरुस्तीच्या वेळी मापपट्टी पाच सेंटिमीटर वर-खाली बसवली आणि कोणी ते लिहिले नाही, तर? पाच सेंटिमीटर म्हणजे पन्नास मिलिमीटर; म्हणजे पन्नास वर्षांची वाढ एका दुपारी खोटी निर्माण होईल किंवा नाहीशी होईल. जगभरच्या समुद्रपातळीच्या नोंदी इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या एका संस्थेकडे १९३३ पासून जमा होतात. ती संस्था नोंदींचे दोन वर्ग करते. मापपट्टीच्या शून्याचा इतिहास ज्यांचा माहीत आहे त्या एका वर्गात, बाकीच्या दुसऱ्या. दीर्घ काळातले बदल काढायला पहिला वर्गच वापरावा अशी सूचना असते. अपोलो बंदराच्या नोंदी पहिल्या वर्गात आहेत. नियतकालिकाचे नाव, देश, चकाकी यांपैकी काहीही इथे विचारात घेतलेले नाही. शून्य कुठे होते ते लिहिले आहे का, एवढेच पाहिले आहे.

आणि हे सारे शेवटी माणसांपाशी येते. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने या परिसरातल्या १६३० पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. असा दावा उभा राहतो तेव्हा पूर्वी काय होते आणि आता काय राहिले हे दाखवावे लागते. ज्या खाडीची मोजमापे कोणी ठेवलीच नाहीत, तिच्या वतीने बोलणे अवघड जाते.

सहा प्रश्न

शेवटी आम्ही सहा प्रश्न ठरवले. कोणतेही डेटा जर्नल, किंवा त्यातला एखादा लेख, समोर आला की ते विचारावेत.

१. मूळ आकडे मिळतात का? सरासऱ्या आणि आलेख नव्हे, मूळ वाचने.

२. कोणत्या उपकरणाने, कुठे, किती वाजता, कोणत्या एककात मोजले हे लिहिले आहे का?

३. उपकरण, जागा, माणूस किंवा पद्धत बदलली तेव्हा काय केले ते सांगितले आहे का?

४. न मिळालेल्या आकड्यांच्या जागा रिकाम्या दाखवल्या आहेत का, की गुपचूप भरल्या आहेत?

५. लेख कोणी तपासला आणि काय विचारले, याचा काही माग आहे का? संपादक खरी माणसे आहेत का आणि त्या विषयातली आहेत का?

६. नियतकालिक उद्या बंद पडले तर आकडे कुठे राहतील?

हे प्रश्न वर्गातही वापरता येतील. नववी-दहावीच्या मुलांना महिनाभर शाळेच्या आवारातले तापमान रोज ठरलेल्या वेळी मोजायला सांगा. पंधराव्या दिवशी मुद्दाम थर्मामीटर बदला. काही गटांना दोन्ही थर्मामीटर तीन दिवस शेजारी ठेवायला सांगा, काहींना सांगू नका. महिनाअखेरीस वह्या अदलाबदल करून एका गटाने दुसऱ्याची वही सहा प्रश्नांनी तपासावी. अलिबागची दोन वर्षे मुलांना तीन दिवसांत कळतील.

त्या विद्यार्थिनीला आम्ही नियतकालिकाबद्दल काही सांगण्याआधी तिची वही मागितली. नोंदी नेटक्या होत्या. पण दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपासून खारेपणाचे आकडे दर हजारी दोनने वाढलेले दिसत होते. विचारल्यावर ती म्हणाली, "सर, पहिलं उपकरण पडून फुटलं. दुसरं मैत्रिणीच्या कॉलेजातून आणलं. ते लिहायचं राहिलं." दोन्ही उपकरणे शेजारी ठेवून मोजणे आता शक्य नव्हते. म्हणून तिने आकडेवारीचे दोन तुकडे वेगळे केले, मधे काय घडले ते लिहिले आणि दोन्ही तुकडे एकत्र जोडून वाढीचा निष्कर्ष काढू नये, अशी सूचना वरच घातली.

सात दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकाने यातले काहीच विचारले नसते. तिने ते शुल्क भरले नाही. दुसऱ्या एका नियतकालिकाकडे, शुल्कात सूट मागून, टिपण पाठवले. ते अजून छापून आलेले नाही. परीक्षकांनी पाच प्रश्न विचारून परत पाठवले आहे आणि त्यातला पहिला प्रश्न दुसऱ्या उपकरणाबद्दलचा आहे. ती थोडी हिरमुसली होती. आम्ही तिला सांगितले, पत्र जपून ठेव; ते नियतकालिक चांगले आहे.